उरलेलं तीर्थ

बारा सप्टेंबर. देवाची भांडी घासायची होती.

वेलचेरीच्या त्या फ्लॅटमध्ये हे काम माझ्या भाचीचं. पण ती एग्मोरजवळच्या एका इस्पितळात दाखल होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं ऑपरेशन ठरलं होतं. जावई तिच्यापाशी होता. घरी तिचे सासरे एकटेच, म्हणून मी रजा टाकून तिथे राहायला आले होते. सकाळी डबा केला, कॉफीचा फ्लास्क भरला, कपड्यांचं मशीन लावलं, आणि पूजा आटोपल्यावर चिंच भिजवून भांडी घ्यायला गेले.

तिच्या सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणतात, मीही म्हणते. घराणं तंजावरकडचं मराठी. कारकुनीत आयुष्य गेलं, बायको मुलाच्या लग्नाआधीच गेली. त्यांची मराठी मला सुरुवातीला अर्धीच कळायची. ‘सगळं’ म्हणायच्या जागी ते ‘अस्कं’ म्हणतात, ‘देवाला’च्या जागी ‘देवास’, आणि वाक्य तमिळच्या चालीवर वर चढून संपतं. मुलगा त्यांच्याशी तमिळच बोलतो. माझी भाची सांगलीची. घरात मराठी बोलणारं माणूस येतंय एवढ्यावरच ते इतके खूश झाले की लग्नात त्यांनी दुसरी कसलीही अपेक्षा ठेवली नाही.

पूजा मात्र कडक. अंघोळ करून, ओलं धोतर नेसून, रोज शाळिग्रामावर दुधाचा अभिषेक. पूजेतून उठले की अप्पा घरातल्या प्रत्येकाच्या हातावर एकेक पळी तीर्थ घालतात. मलाही मिळालं होतं. मग ते पेपर घेऊन गॅलरीत बसले आणि मी देव्हाऱ्यापुढची भांडी गोळा केली. ताम्हण, पळी, पंचपात्र, गडू. शेजारी चांदीची मोठी वाटी होती, तिच्यात अभिषेकाचं दूध काढून ठेवलेलं. वर तुळशीचं पान, तळाशी साखर. आम्ही दोघांनी घेऊनही वाटी जवळजवळ भरलेलीच होती.

हे ओतायचं कुठे, हा माझ्यापुढचा प्रश्न.

त्या सकाळी माझ्या डोक्यात खरं तर दुसराच प्रश्न बसलेला होता, आणि तो बरेच दिवस उठत नव्हता. भाचीचं दुखणं उन्हाळ्याच्या आधीपासूनचं. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. भूक गेली. हातपाय काटकुळे झाले आणि पोट मात्र वाढत चाललं. त्या इमारतीतल्या बायका लिफ्टमध्ये तिच्या पोटाकडे बघून हसायच्या आणि ‘विशेषम्?’ म्हणून विचारायच्या. लग्नाला दोन वर्षं होऊन गेलेली, दोघांना मूल हवं होतं, त्यामुळे तिनं स्वतःही घरी चाचणी करून बघितली. तसलं काही नव्हतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यानं गॅसच्या दिल्या. तिसऱ्यानं सोनोग्राफी करायला लावली आणि पोटात पाणी झालेलं निघालं.

तिथून पुढे सगळं भराभर झालं. स्कॅनमध्ये आतड्यांवरचा चरबीचा पडदा जाड झालेला दिसला, अंडाशयांना सूज दिसली. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये रक्तातली जी गोष्ट वाढते ती वाढलेली होती. सुईनं पोटातलं पाणी काढून तपासलं. त्यात कॅन्सरच्या पेशी नव्हत्या, पण डॉक्टर म्हणाल्या, पाण्यात दिसल्या नाहीत एवढंच म्हणता येईल.

या डॉक्टर कॅन्सरची ऑपरेशनं करणाऱ्या, माझ्याच वयाच्या, तमिळ, आणि मोजकं बोलणाऱ्या. मला त्या पहिल्याच भेटीत बऱ्या वाटल्या. त्यांनी आपणहून टीबीचा विषय काढला होता. पोटाचा टीबी अगदी असाच दिसतो, म्हणाल्या. म्हणून त्यांनी विचारलं, घरात कुणाला टीबी होता का? नाही. खोकला? नाही. छातीचा फोटो स्वच्छ होता. मग त्यांनी विचारलं, ‘कच्चं दूध पिण्यात येतं का?’

‘मी दूधच पीत नाही, मॅडम,’ भाची म्हणाली. ‘कॉफीत घालते तेवढंच. तेही पाकिटातलं, आणि दोनदा उकळून.’

मी शेजारीच बसले होते. मीही मान हलवली. तिच्या स्वयंपाकघरात दूध कसं तापतं ते मी पाहिलेलं होतं.

तेव्हा टीबी मागे पडला आणि कॅन्सर पुढे आला. ठरलं ते असं: पोट उघडायचं, तुकडा काढून तिथल्या तिथे तपासायचा, आणि कॅन्सर दिसला तर त्याच बैठकीत गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढून टाकायची. पुन्हा भूल द्यायला तिच्या अंगात जोर नव्हता. भाचीनं संमती दिली. तिचं वय एकतीस. सही करून झाल्यावर पेन मला परत देत म्हणाली, ‘मावशी, शुद्धीवर आले की गोड गोड बोलायचं नाही. काय काय राहिलंय ते सरळ सांगायचं.’

मी म्हटलं, सांगेन. तिची आई, म्हणजे माझी बहीण, गेली तेव्हा ही कॉलेजात होती. तेव्हापासून तिला सरळ सांगायचं काम माझ्याचकडे आहे.

मी इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघते. आम्ही गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनवतो. एका खेपेतला एकच नग खराब निघाला तर नवी पोरं यंत्राकडे धावतात, मालाच्या लोखंडाकडे धावतात. मी त्यांना थांबवते. लोखंड तेच, यंत्र तेच, बाकीचे नग बरे आहेत. मग या एकाच नगाचं काय वेगळं झालं ते शोधा. कुठे पडला, कुठे ओला झाला, कुणाच्या हातात गेला. तर डोक्यात बसलेला प्रश्न हा होता. एका घरात तीन माणसं. पाणी एक, तांदूळ एक, कॉफी एक. मग हिलाच का? कॅन्सरला अशी विचारणा लागू पडत नाही हे मला कळत होतं. सवय जात नाही.

वाटी घेऊन मी गॅलरीत गेले.

‘अप्पा, हे उरलेलं कुठे ओतू?’

‘कोणतं वो?’

‘तीर्थ. वाटीभर आहे.’

‘सिंकेंत घालूं नका हां, विहीणबाई. पाय लागेल, खरकटं लागेल तिथं घालत नाहींत.’

‘मग तुळशीला घालते.’

‘अय्यो, तुळशीस नको. मागली तुळस त्यानंच मेली. दूध, साखर, अस्कं मुंग्यांनी भरलं. वासही सुटला. तंजावरास परसांत पारिजात होता, त्याच्या बुडाशीं ओतत होतों. इथं चवथ्या मजल्यावर परसूं कुठलं?’

‘मग ही रोज काय करते?’

अप्पांनी चष्मा काढून पुसला. ‘तें मज ठाऊक नाहीं. भांडीं अस्कं साफ करून ठेवतें पोरगी. बोट लावायला जागा नाहीं.’

मी तिथेच उभ्या उभ्या भाचीला फोन लावला. तिनं लगेच उचलला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला दुसरं काम नसतं.

‘पूजेचं तीर्थ उरतं, त्याचं काय करतेस गं?’

‘का? तू टाकलंस का कुठे?’

‘टाकलं नाही. हातात आहे. सांग.’

‘पिऊन टाकायचं.’

‘कोणी?’

‘मीच पिते. तुळस मेल्यापासून. टाकता येत नाही, ठेवता येत नाही, दुपारपर्यंत नासतं. अप्पांना विचारलं असतं तर ते बिचारे खाली रस्त्यापलीकडच्या झाडापर्यंत वाटी घेऊन जात बसले असते. त्यापेक्षा पिऊन टाकलेलं बरं. मावशी, चांगलं लागतं, साखर असते ना.’

‘रोज?’

‘रोज. चार दिवस सोडून. तेव्हा मी भांड्यांना हात लावत नाही.’

‘आणि डॉक्टरांनी कच्च्या दुधाचं विचारलं तेव्हा?’

ती हळू आवाजात म्हणाली, ‘अगं, पण ते तीर्थ आहे.’

मी तिच्यावर चिडले नाही. चिडण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे उपास करणारी बाईदेखील तीर्थ घेते आणि काही पोटात गेलं असं मानत नाही. जे खाण्यापिण्यात धरतच नाहीत ते खाण्यापिण्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून सांगणार कोण? मी स्वतः त्या दिवशी सकाळी एक पळी घेतली होती आणि तासाभरानं कुणी विचारलं असतं, तर दूध प्यायले नाही असंच छातीठोक सांगितलं असतं.

‘अप्पा, हे दूध कुठून येतं?’

‘गवळी आणतो. तळ्याच्या त्या बाजूस त्याच्या गाई आहेत.’

‘पाकिटातलं का नाही घेत?’

माझ्या अज्ञानाची त्यांना जरा कीव आली. ‘पाकिटांतलं तापवून भरलेलं असतं नव्हे? तें देवास चालत नाहीं. अभिषेकास निरसंच लागतं. गाईच्या आंचळांतून आलेलं, विस्तव न लागलेलं. माझे वडील तसंच करत होते.’

म्हणजे त्या घरात दोन दुधं होती. माणसांच्या दुधाला कारखान्यात एकदा आणि गॅसवर दोनदा ताप मिळत होता. देवाच्या दुधाला एकदाही नाही, आणि ते रोज वाटीभर या मुलीच्या पोटात जात होतं. अप्पा एक पळी घेत. जावई सकाळच्या गाडीच्या घाईत हातावर एक थेंब घेऊन पळायचा. उरलेलं सगळं तिचं.

मी कपाटातून धुतलेली बाटली काढली, दूध तिच्यात भरलं, झाकण लावलं आणि पर्स घेतली. अप्पा दारापर्यंत आले. त्यांना काहीतरी कळलं होतं, पण काय ते कळलं नव्हतं.

‘विहीणबाई, दूध कशास नेतां?’

‘डॉक्टरांना दाखवायला. आल्यावर सांगते. डबा जाळीत आहे, रसम गरम करून घ्या.’

वेलचेरीहून लोकल आणि पुढे ऑटो. डॉक्टर बाह्यरुग्ण विभागात होत्या, बाहेर बाकं भरलेली. सिस्टरनं मला नंबर घ्यायला सांगितलं. मी म्हटलं, मला नंबर नको, उद्याच्या ऑपरेशनबद्दल दोन मिनिटं हवीत, आणि ती आजच हवीत. मला कारखान्यात अशा आवाजात रोजच बोलावं लागतं. तिनं दार उघडलं.

मी डॉक्टरांना उभ्यानंच सांगितलं. तमिळमध्ये तीर्थ म्हणजेही तीर्थच, त्यामुळे समजावावं लागलं नाही. त्यांच्या हातातलं पेन मात्र थांबलं.

‘उकळत नाहीत?’

‘उकळलं तर देवाला चालत नाही.’

‘किती?’

‘वाटीभर.’

‘कधीपासून?’

‘तुळस मेल्यापासून. वर्षाहून जास्त झालं असेल.’

त्यांनी कपाळावर हात मारला. पेशंटसमोर मारत नसतील, माझ्यासमोर मारला. ‘आमच्या घरीही अभिषेक होतो, अम्मा,’ त्या म्हणाल्या. ‘मला हे विचारायचं सुचायला हवं होतं.’

मी बाटली टेबलावर ठेवली. त्या हसल्या. ‘हे काय?’

‘नमुना.’

‘याचा आज काही उपयोग नाही. मला नमुना तिच्या पोटातला हवाय.’ मग गंभीर झाल्या. ‘नीट ऐका. यानं कॅन्सर नाही असं सिद्ध होत नाही. तुम्हाला आज आशा लावायची नाहीये मला. पण उद्याचं काम बदलतं. मी पोट उघडणार नाही. आधी दुर्बीण घालून बघते, तुकडे घेते. एरवी आम्ही सगळे तुकडे फॉर्मालिनमध्ये टाकतो. त्यात जंतू मरतात, मग टीबीची तपासणी करायला काही उरत नाही. उद्या अर्धे साध्या सलाइनमध्ये पाठवीन.’

‘आणि काढायचं-बिढायचं?’

‘तिथल्या तिथल्या तपासणीत स्पष्ट कॅन्सर दिसला तरच पुढचं बोलू.’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘उद्या काहीच काढायचं नाही. पक्का रिपोर्ट येईपर्यंत नाही. तसं पुन्हा लिहून घ्या, तिची सही मी आणते.’

त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘कॅन्सर असला तर तिला दुसऱ्यांदा भूल द्यावी लागेल. तिचं वजन बघितलंत ना?’

‘बघितलंय. पण नसला तर काढलेलं परत लावता येत नाही.’

त्यांनी नवीन कागद पुढे ओढला.

भाची खिडकीजवळच्या खाटेवर बसली होती. जावई मोबाइलवर वाचत होता. तो गेले कित्येक दिवस मोबाइलवर हेच वाचत होता, आणि प्रत्येक वेळी त्याचा चेहरा आणखी उतरायचा. मी दोघांना सगळं सांगितलं. जावयानं माझ्यादेखत ‘दूध’ आणि ‘टीबी’ टाइप करायला सुरुवात केली, तेव्हा मी त्याच्या हातातून फोन काढून उशीखाली ठेवला.

‘मावशी, मी मूर्ख आहे गं,’ भाची म्हणाली.

‘मूर्ख नाहीस. टापटिपीची आहेस. हे वाच आणि सही कर.’

‘कॅन्सर नाहीये मग?’

‘ते माहीत नाही. उद्या तुझं काही काढणार नाहीत, एवढं माहीत आहे.’

तिनं वाचलं. दोनदा वाचलं. मग सही केली आणि पांघरूण डोक्यावरून घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. मी जावयाला खाली जाऊन इडली खाऊन ये म्हणून सांगितलं. तो जाताना दारात थांबला आणि इंग्रजीत म्हणाला की आपण रोज ट्रेन चुकेल म्हणून तीर्थ टाळायचो, त्याबद्दल अप्पा रागवायचे. मी म्हटलं, आता नाही रागावणार.

घरी अप्पा जेवले नव्हते. त्यांना सांगायचं कसं याचा मी वाटेत विचार केला होता आणि ठरवलं होतं की जसं आहे तसं सांगायचं. सांगितलं. ते ऐकून घेतल्यावर ते उठून देव्हाऱ्यासमोर जाऊन बसले, पाठमोरे. मी भात लावला.

बऱ्याच वेळानं तिथूनच म्हणाले, ‘माझ्या हातून झालं.’

‘तुमच्या हातून पूजा झाली. दूध गाईचं होतं. गाईला रोग असेल तर तो दुधात येतो, आणि उकळलं की मरतो. यात तुम्ही नाही आणि देवही नाही.’

‘उद्यापासून पूजा बंद.’

‘पूजा कशाला बंद? दूध बंद करा.’

‘दुधाविना अभिषेक कसा वो होईल?’

‘ते तुम्ही सांगा. मला काय कळतंय त्यातलं? आमच्या घरी देवाला पंचामृत सणासुदीला मिळतं, एरवी नळाचं पाणी.’

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. सांगलीचे देव कसल्या हालात राहतात याचं त्यांना वाईट वाटलं असावं. मग म्हणाले, ‘पाणी चालतं. शुद्धोदक. शास्त्रांत आहे तें.’

‘मग इतकी वर्षं दूध कशाला?’

‘देवास बरं वाटावं म्हणून.’

‘देवाला पाण्यानं बरं वाटेल. चला, भात झाला.’

जेवले. थोडंच, पण जेवले. वाढताना मला आठवलं की शेजारची बाई महिनाभर भाचीला सांगत होती, अशक्तपणा आहे, गाईचं ताजं दूध घेत जा. ते तिनं ऐकलं नव्हतं. दूध आवडत नाही म्हणाली होती.

ऑपरेशन सकाळी लवकर लागलं. मी आणि जावई बाहेर बसलो. अप्पाही आले होते, पांढरा शर्ट, कपाळावर गंध, हातात काही नाही. थिएटरच्या बाहेर बसायला लागलं की माणसं उगाच बोलतात. मी भिंतीवरची सूचना वाचून काढली, मग तमिळमधली तीच सूचना वाचून काढली.

डॉक्टर टोपी काढत बाहेर आल्या आणि सरळ माझ्याकडे आल्या. ‘पोटाच्या सगळ्या अस्तरावर पांढरे दाणे आहेत. साबुदाण्यासारखे. पसरलेला कॅन्सरही कधी कधी असा दिसतो, म्हणून डोळ्यांवर विसंबणार नव्हते. तुकडा लगेच तपासून घेतला. कॅन्सर नाही. टीबीच्या गाठी आहेत.’

‘नक्की?’

‘पॅथॉलॉजिस्ट नक्की म्हणतो. सलाइनमधला तुकडा टीबीचा जंतू शोधणाऱ्या मशीनवर लावलाय, त्याचं उत्तर उद्या. काही काढलं नाही.’

जावयानं मोबाइल खिशात टाकला. अप्पांनी तमिळमध्ये डॉक्टरांना काय काय विचारलं. त्यातला एकच प्रश्न मला स्पष्ट ऐकू आला, की तिला नंतर मूल होईल का. डॉक्टर म्हणाल्या, अंडाशयं आणि गर्भाशय जागेवर आहेत, नळ्यांना किती त्रास झालाय ते उपचार संपल्यावर बघू, पण आज मी नाही म्हणणार नाही. मला ते उत्तर आवडलं. खोटं नव्हतं आणि कमीही नव्हतं.

मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, काल ती वाटी माझ्या हातात आली नसती तर? त्या म्हणाल्या, कदाचित आजच्याच तपासणीत कळलं असतं. कदाचित तुकडा नीट आला नसता आणि मी तो जाड झालेला पडदा बघून पुढे गेले असते. मला सांगता येणार नाही, असं म्हणाल्या. मीही पुन्हा विचारलं नाही.

भाची शुद्धीवर आली तेव्हा तिचे ओठ सुकलेले होते आणि डोळे नीट उघडत नव्हते. मी वाकले.

‘सांग,’ ती म्हणाली.

‘सगळं आहे. टीबी आहे. औषधानं जातो.’

‘गोड बोलत नाहीयेस ना?’

‘मला कधी जमलंय?’

ती हसली, आणि टाक्यांमुळे ‘आई गं’ म्हणून विव्हळली.

गाईचं पुढे काय झालं तेही इथंच सांगून टाकते. टीबी करणारे जंतू एकाच जातीचे नसतात. माणसाच्या खोकल्यातून पसरणारा वेगळा आणि गुरांचा वेगळा. मशीन दोघांत फरक करत नाही. त्यासाठी सलाइनमधल्या तुकड्यातला जिवंत जंतू प्रयोगशाळेत वाढवावा लागतो आणि त्याला आठवडेच्या आठवडे लागतात. तो वाढला तेव्हा गुरांचाच निघाला. त्याला नेहमीच्या चार औषधांपैकी एक औषध मुळात लागूच पडत नाही, म्हणून डॉक्टरांनी ते काढलं आणि बाकीच्यांची मुदत वाढवली. म्हणजे ती वाटी त्या दिवशी जेवढी कामाला आली, तेवढीच पुढेही आली. मी तळ्याच्या बाजूला जाऊन गवळ्याला भेटले, सरकारी गुरांच्या दवाखान्यातही कळवलं. गवळी भांडला नाही. ऐकून घेतलं, आणि काही दिवसांनी गाई तिथून हलवल्या. तपासल्या की नाही ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. हे मला आवडलेलं नाही, पण माझ्या हातात तेवढंच होतं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातलाच इस्पितळात पोचले. मशीनचं उत्तर आलं होतं: टीबी, आणि मुख्य औषधाला दाद देणारा. सिस्टरनं भाचीचं वजन घेतलं आणि त्याप्रमाणे गोळ्या मोजून हातावर ठेवल्या. मोठ्या, विटकरी रंगाच्या, उपाशीपोटी घ्यायच्या. लघवी केशरी होईल, घाबरायचं नाही, सिस्टर म्हणाली. डोळ्यांना अंधुक दिसलं किंवा मळमळ थांबली नाही तर लगेच यायचं. जावयानं ते सगळं फोनमध्ये लिहून घेतलं. या वेळी मी फोन काढून घेतला नाही. भाचीनं गोळ्यांकडे बघून तोंड वाकडं केलं. मी पाण्याचा ग्लास पुढे धरला आणि एकेक करून खाली जाईपर्यंत उभी राहिले.

मग अप्पांना घेऊन खालच्या मजल्यावर गेले. पळीभर का असेना, त्यांनीही ते दूध रोज घेतलं होतं, आणि मीही घेतलं होतं, म्हणून डॉक्टरांनी आम्हा दोघांना तपासून घ्यायला सांगितलं होतं. छातीच्या फोटोची रांग लांब होती. अप्पांना शर्ट काढायचा संकोच वाटत होता, त्यांना मी पुढे केलं आणि त्यांचं जानवं कुठे अडकणार नाही ते बघितलं. दोघांचे फोटो झाल्यावर ऑफिसला फोन केला, दुपारच्या पाळीला येते म्हणून सांगितलं, आणि अप्पांना वेलचेरीच्या ऑटोत बसवून दिलं.